शाळा जूनमध्ये सुरू झाली, झोप मात्र मे महिन्यातच अडकली: एका घरातलं प्रकरण

हे प्रकरण आमच्याच घरातलं आहे. नाशिक, सिडको, दोन खोल्या आणि किचन, माणसं पाच. मी सातपूर एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये जनरल शिफ्टला, बायको नर्स, तिची ड्युटी फिरती, आई आमच्याकडेच असते आणि दोन मुलं. मुलांची नावं लिहीत नाही, मोठ्याला विचारूनच हे लिहितोय आणि त्याची अट एवढीच होती की नाव नको. म्हणून नुसतं मोठा आणि धाकटी. मोठा २०२५ च्या जूनमध्ये सातवीत गेला, बारा वर्षांचा, धाकटी तिसरीत.

दर जूनला सगळीकडे हाच विषय असतो, शाळा सुरू झाली, पोरगं फोन सोडत नाही, काय करू. आणि उत्तर देणारे म्हणतात फोन देऊच नका. बरं, ज्या घरात शाळेचा अभ्यासच व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो त्यांनी काय करायचं? आम्ही तीन आठवडे चुकीच्या गोष्टीशी भांडलो, त्यात पोरगं दुखावलं, मी पण. ते कुठे चुकलं हे नीट मांडावं म्हणून सविस्तर लिहितोय, कारण आता दिवाळीची सुट्टी लागलीय आणि ती संपल्यावर बऱ्याच घरांत परत तेच होणार.

आधी मे महिना. सुट्टीत मुलं पंधरा दिवस मामाकडे, निफाडजवळ. तिथे दुपारी ऊन मी म्हणतं, बाहेर पडायची सोय नाही, मामाने त्याचा जुना फोन मोठ्याला दिला, प्रेमाने दिला, त्यात त्याची काही चूक नाही. फोनवर जीमेल लागतो, तर मामेभावाने पटकन खातं काढून दिलं आणि जन्मसाल टाकताना सगळी मुलं टाकतात तसं जुनं काहीतरी टाकलं, म्हणजे त्या खात्यानुसार माझा मुलगा चांगला मोठा माणूस. ही गोष्ट तेव्हा किरकोळ वाटली, पुढे तीच आडवी आली. त्याच खात्यावर त्याने गेम सुरू केलं, ५० जण पॅराशूटने उतरतात आणि शेवटपर्यंत टिकायचं, तसलं. घरी आला तेव्हा फोन सोबतच आला. आम्ही म्हटलं सुट्टी आहे, खेळू दे. झोप रात्री एक, उठणं सकाळी दहा. आईला हे खुपत होतं, ती म्हणायची, "अरे, हा दहाला उठतोय, शाळा लागल्यावर काय करशील?" आणि मी म्हणायचो, आई, शाळा लागली की होईल आपोआप.

ते आपोआप झालं नाही.

सोमवार १६ जूनला शाळा सुरू. धाकटीची शाळा ९ नंतर असते, सरकारने २०२४ मध्ये निर्णय काढला ना, चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतरच भरवायचे म्हणून, मुलांची झोप पूर्ण होत नाही हेच त्याचं कारण होतं. पण सातवीला ती सवलत नाही. मोठ्याची शाळा ७:१० ला, रिक्षाकाका ६:४० ला कोपऱ्यावर. म्हणजे ५:५० ला उठायचं. पहिले दोन दिवस नवं दप्तर, नवी वही, त्या उत्साहात निघाले. बुधवारपासून रोज रडारड. रिक्षाकाका हॉर्न वाजवतायत, हा बाथरूममध्ये बसल्या बसल्या झोपलाय, डबा राहतोय, दोनदा मीच बाइकवरून सोडला. सोमवारी २३ तारखेला वर्गशिक्षिका मॅडमचा फोन आला. रागावून नव्हता, काळजीनेच म्हणाल्या, "दादा, तो तिसऱ्या तासाला डोकं टेकवून झोपतो, घरी काही प्रॉब्लेम आहे का?" मला वर्कशॉपमध्ये मशीनसमोर उभं असताना हे ऐकून इतकं लागलं की त्या दिवशी माझं कामात लक्षच नव्हतं.

घरी आलो आणि जे कुठलाही बाप करेल तेच केलं. फोन हिसकावला, कपाटात ठेवला, किल्ली खिशात. मोठ्याने आरडाओरडा केला नाही, तो गप्प झाला. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, डबा तसाच परत आणला. आणि तिसऱ्या दिवशी वहीत शेरा, गृहपाठ अपूर्ण. कारण गृहपाठ ग्रुपवर आला होता, ग्रुप माझ्या फोनवर, मी कामावर, आणि आधी तो मामाने दिलेल्या फोनवर मित्राकडून मागवून घ्यायचा. म्हणजे मी एका हाताने फोन काढला आणि दुसऱ्या हाताने अभ्यासाची वाटच बंद केली. "बाबा, तुम्हीच फोन घेतला ना," एवढंच म्हणाला. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग दुसरा उपाय, ॲप. वर्कशॉपमधल्या एका मित्राने गूगलचं फॅमिली लिंक सांगितलं. चांगली सोय आहे, रोजची वेळ ठरवता येते, रात्री ठरल्या वेळेला फोन लॉक होतो, कुठल्या ॲपवर किती वेळ गेला ते दिसतं, फोन लॉक असला तरी आलेला कॉल घेता येतो. पण इथे ते जन्मसाल आडवं आलं. खातं मोठ्या माणसाचं, त्यामुळे त्यावर पालकांची देखरेख बसेना. मी त्याचं खरं जन्मसाल टाकून नवीन खातं काढलं आणि जुनं फोनवरून काढून टाकलं. मला वाटलं पाच मिनिटांचं काम झालं. तिकडे पोरगं हमसून हमसून रडायला लागलं. मला कळेना. आईने जवळ घेतल्यावर कळलं, "माझी आयडी गेली." आयडी म्हणजे गेममधलं त्याचं खातं, ते जुन्या जीमेलला जोडलेलं, त्यात त्याची रँक, त्याचे कपडे, त्याच्या ग्रुपमधलं स्थान, दीड महिन्याची त्याच्या दृष्टीने कमाई. आपण मोठी माणसं याला फालतू म्हणतो. पण न सांगता कोणी माझं दीड महिन्याचं काम पुसून टाकलं असतं तर मी काय केलं असतं? खातं डिलीट केलं नव्हतं हे नशीब, ते परत आणता येणार होतं. पण विश्वास गेला तो गेलाच. ज्यांना हे ॲप लावायचंय त्यांना एवढंच कळकळीने सांगेन, लावायच्या आधी पोराला शेजारी बसवा, कुठलं खातं कशाला जोडलंय ते त्यालाच विचारा, त्याला ते आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं.

लॉक मी रात्री ९:३० चा लावला. पहिल्याच रात्री मॅच चालू असताना लॉक पडला. आता हे गेम मध्ये थांबवता येत नाही, एक मॅच साधारण दहा मिनिटांची, चौघांची टीम असते आणि मधून एक गेला की बाकीचे तिघे अडकतात. दुसऱ्या दिवशी शाळेत त्या तिघांनी त्याला ऐकवलं. म्हणजे घरात मी खलनायक आणि शाळेत तो. आपण मिनिटांत मोजतो, मुलं मॅचमध्ये मोजतात, हे मला तेव्हा समजलं. तासभर खेळ म्हणण्यापेक्षा चार मॅच खेळ म्हटलं तर भांडण निम्मं कमी होतं, हे आता अनुभवाने सांगतो.

आणि तरीही सकाळचं रडगाणं तसंच. लॉक ९:३० ला पडतोय, मग झोप का होत नाही? याचं उत्तर ४ जुलैला रात्री पावणेबाराला मिळालं. पाणी प्यायला उठलो तर पांघरुणाखाली उजेड. आईचा फोन. आईच्या फोनला ना लॉक ना पासवर्ड, ती भजनं ऐकते आणि मावशीशी बोलते. गेम त्या फोनवर चालत नव्हतं, तो मित्र खेळतानाचे व्हिडिओ बघत होता. मी ओरडणार होतो, पण तो म्हणाला, "बाबा, मला झोपच येत नाही, मी काय करू?" आणि ते खरं होतं. चेहऱ्यावरून कळत होतं की पोरगं खोटं बोलत नाहीये.

माझ्या मते प्रकरणाचा खरा गाभा इथे आहे. बायको त्या रात्री ड्युटीवर होती, सकाळी आल्यावर तिला सांगितलं. तिने चहा पण घेतला नाही, म्हणाली, "अहो, त्याचं घड्याळच सरकलंय. आमची नाइट संपून डे लागली की आमचं होतं तसंच." मग तिने मला समजावलं. आपल्या शरीरात झोपेचं एक घड्याळ असतं, अंधार पडायला लागला की मेलाटोनिन नावाचं झोपेचं हार्मोन वाढतं आणि झोप यायला लागते, रात्री डोळ्यांवर उजेड पडत राहिला की ते उशिरा वाढतं, आणि सकाळचा उजेड ते घड्याळ परत अलीकडे आणतो. दीड महिना हा एकला झोपला, दहाला उठला. त्याच्या शरीराला पहाटे ५:५० म्हणजे मध्यरात्रच. आणि हे घड्याळ एका दिवसात मागे येत नाही, रोज १५-२० मिनिटं सरकवायचं असतं. दहावरून सहावर यायचं म्हणजे चार तास, रोजची १५ मिनिटं धरली तर १६ दिवस. म्हणजे १६ जूनची तयारी ३१ मेलाच सुरू व्हायला हवी होती. आईने मे महिन्यात नेमकं हेच विचारलं होतं आणि मी उडवून लावलं होतं.

सहा ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला ९ ते १२ तास झोप लागते, असं झोपेचे डॉक्टर सांगतात. आमच्या पोराची त्या तीन आठवड्यांत रात्रीची पाच-साडेपाच तास होत होती, वर दुपारी शाळेतून आल्यावर तीन तास तो मेल्यासारखा झोपायचा, त्यामुळे रात्री परत झोप नाही. ही साखळी आम्हाला दिसलीच नव्हती, आम्हाला फक्त फोन दिसत होता.

६ जुलैला रविवारी आषाढी होती, बायकोला पण सुट्टी. साबुदाण्याची खिचडी खाऊन सगळे बसलो. मी आधी मोठ्याची माफी मागितली, आयडीबद्दल. हे सांगायला मला लाज वाटत नाही. मग आम्ही सगळ्यांनी आपापल्या फोनमध्ये स्क्रीन टाइम बघितला, बायकोनेच सुचवलं. माझा रोजचा ३ तास ५० मिनिटं निघाला, कामाचे कॉल सोडून. धाकटी म्हणाली, "बाबा तर दादाच्या जवळपासच आहेत." ती आठ वर्षांची, तिचाही बघितला, बालरोगतज्ज्ञांची देशातली जी संघटना आहे ती पाच ते दहा वर्षांच्या मुलांना दिवसाला दोन तासांच्या आत म्हणते, ही कार्टून आणि रील धरून अडीचवर होती. तिच्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं कारण ती भांडत नाही.

त्या दिवशी बायकोने मोहित्यांचे वडगावची गोष्ट काढली. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातलं गाव. कोरोनानंतर शाळा परत सुरू झाल्या तरी मुलं फोनमधून बाहेर येईनात म्हणून गावाने २०२२ मध्ये ठरवलं, रोज संध्याकाळी ७ ला मंदिरावरचा भोंगा वाजणार, घराघरात टीव्ही आणि मोबाइल बंद, मुलं अभ्यासाला, आणि साडेआठला परत भोंगा. मला यात आवडलं ते हे की भोंगा सगळ्या गावाला लागू होता, मोठ्या माणसांचं बंद म्हणून मुलांचं बंद. आईने लगेच विचारलं, "म्हणजे माझी मालिका पण?" आणि स्वतःच म्हणाली, दुपारी परत दाखवतात, तेव्हा बघेन. तिचं ते ऐकून मोठ्याचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला.

मग ठरलं ते असं. संध्याकाळी पावणेसात ते आठ घरात कोणाचाच स्क्रीन नाही. आठ ते साडेआठ मोठ्याच्या तीन मॅच, त्याची जुनी आयडी परत फोनवर, फॅमिली लिंकवालं खातं त्याच्या शेजारी ठेवून काही उपयोग नव्हता म्हणून आम्ही लॉकचा नादच सोडला, त्याऐवजी साडेआठला सगळ्यांचे फोन बाहेरच्या खोलीत देवाच्या फडताळाखालच्या कप्प्यात, चार्जिंगला. सगळ्यांचे, आईचा पण. (लॉक वाईट असं मी म्हणत नाही, ज्यांचं मूल लहान आहे, खातं पहिल्यापासून खऱ्या वयाचं आहे, त्यांनी जरूर लावावं. आणि खरं वय टाकण्याचा फायदा असतो, बीजीएमआयसारख्या गेममध्ये १८ च्या खालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा गेममध्येच आहे, पण ती खरं वय टाकलं तरच.) बायकोला हॉस्पिटलमधून रात्री कॉल येऊ शकतो, तर तिच्या फोनची रिंग मोठी करून ठेवायची. मी म्हटलं गजर कसा लावायचा, तर रविवार कारंज्याच्या बाजारातून २८० रुपयांचं गजराचं घड्याळ आणलं. साधी गोष्ट आहे, पण गजराच्या नावाखाली आमच्या घरात चार फोन उशाशी झोपत होते.

अभ्यासाच्या ग्रुपचं काय? मॅडमना जाऊन भेटलो. त्यांनी ऐकून घेतलं, म्हणाल्या, अजून दोन पालक हेच सांगून गेले, मी गृहपाठ पाचच्या आत टाकत जाईन. मी कामावरून आलो की साडेसहाला ग्रुप उघडतो आणि जे असेल ते किचनमधल्या पांढऱ्या बोर्डवर मार्करने लिहितो. आई मटार सोलता सोलता ते वाचून दाखवते. "ग्रुप बघायचाय" म्हणून फोन मागणं, मग दहा मिनिटांची चाळीस होणं, हे बंद झालं ते त्या बोर्डमुळे. फोटोतले तक्ते वगैरे असतील तर माझ्या फोनवर, माझ्या शेजारी बसून.

सगळ्यात अवघड होतं ते मित्रांचं. हे मला मोठ्यानेच उलगडून सांगितलं. त्याच्या टीममधल्या दोघांकडे स्वतःचा फोन नाही, वडील कामावरून आले, जेवले, की वडिलांचा फोन मिळतो. म्हणून ती मुलं रात्री साडेनऊ-दहालाच भेटतात. रात्री खेळण्यामागे वाईट वळण वगैरे काही नव्हतं, बापांचे फोन तेव्हा मोकळे होतात एवढंच. मी तिन्ही घरी गेलो. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, मग विषय काढला. दोघं लगेच तयार झाले, एकाने तर सांगितलं की त्याच्याकडेही सकाळी तीच मारामारी आहे. आठला फोन मुलाला द्यायचा असं ठरलं. तिसरे म्हणाले, बघू, माझं यायचं नक्की नसतं. दुकानदार माणूस, त्यांचंही खरं आहे.

आता घड्याळ सरकवायचं काम. शाळा चालू असल्यामुळे उठायची वेळ ५:५० ठरलेलीच, तिला हात लावायचा नाही, रविवारीसुद्धा साडेसहाच्या पुढे नाही, ही बायकोची सक्त सूचना. दुपारची झोप तीन तासांवरून अर्ध्या तासावर, हे आईने सांभाळलं आणि हे सगळ्यात कठीण गेलं, पहिले चार दिवस पोरगं चिडचिडं, उठवलं की अंगावर यायचं. आई त्याला घेऊन साडेपाचला ग्राउंडवर जायची, पाऊस असला तर जिन्यात कॅरम. रात्री साडेआठनंतर ट्यूबलाइट बंद, छोटा दिवा. पहिल्या आठवड्यात तो साडेनऊला आडवा व्हायचा आणि साडेदहा-अकरापर्यंत तळमळायचा. मी शेजारी बसायचो, तो बोलायचा. शाळेतलं, गेममधलं, मामाच्या विहिरीचं. एवढं तो माझ्याशी वर्षभरात बोलला नव्हता. दुसऱ्या आठवड्यात दहा, जुलै संपता संपता सव्वानऊ-साडेनऊ. म्हणजे साडेआठ तास होतात, नऊ अजून होत नाहीत, ७:१० च्या शाळेत ते कसे बसवायचे हे मला सुचलेलं नाही.

मॅडमचा ऑगस्टमध्ये परत फोन आला, घटक चाचणीच्या पेपरबद्दल. गणितात २० पैकी १३. गेल्या वर्षी यापेक्षा जास्त होते, तर मार्कांचा चमत्कार झाला असं मी सांगणार नाही. पण त्यांनी स्वतःहून सांगितलं की आता वर्गात झोपत नाही, आणि मला तेवढंच ऐकायचं होतं.

गणपतीत परत बिघडलं. पाहुणे, आरास, मंडळात रात्री बारापर्यंत, आणि मोकळ्या वेळात सगळी चुलत-मामे भावंडं एका फोनवर. ते मी अडवलं नाही, अडवूही नये. पण विसर्जनानंतर घडी बसायला आठवडा गेला, आणि तेव्हा मोठाच म्हणाला, "बाबा, परत पंधरा-पंधरा मिनिटं करायचं का?" तिसऱ्या मित्राचं अजून जमलेलं नाही, तो साडेदहाला ऑनलाइन येतो, एकटाच, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत याला टोमणे मारतो की तू आजीबरोबर झोपतोस. याला ते लागतं. त्यावर माझ्याकडे औषध नाही. त्याच्या वडिलांकडे भाऊबीज झाली की परत एकदा जाणार आहे, त्यांचं दुकान दिवाळीत रात्री उशिरापर्यंत चालतं, आता बोलण्यात अर्थ नाही.

दिवाळीच्या सुट्टीचं मात्र यंदा आधीच बसून ठरवलंय. मी झोपायची वेळ दहा म्हणत होतो, मोठा साडेअकरा, आईने साडेदहावर तोडलं. मामाकडे जाताना फोन नेईल, मामाला मी फोन करून सगळं सांगितलंय. शाळा सुरू व्हायच्या आधीचा शेवटचा आठवडा घरी, रोज १५ मिनिटं अलीकडे, साडेदहाचे सव्वानऊ होईपर्यंत. बायकोने तारखा कागदावर लिहून फ्रीजला लावल्यात, खाली सगळ्यांच्या सह्या. धाकटीने पण केलीय, तिची कार्टूनची वेळ त्यातच आहे. मोठ्याची सही अजून राहिलीय, त्याला पाडव्याच्या रात्रीपुरती सूट हवीय आणि ती त्याच कागदावर लिहून हवीय. आज बायको ड्युटीवरून आली की ते लिहायचंय.